हमी नसलेली ओळ

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी काम करायला लागलो. कोड लिहायची भीती वाटायची, म्हणून डॉक्युमेंटेशन घेतलं. वाटलं, इथे चुकून चुकून काय चुकणार, शुद्धलेखन!

'इन्स्टॉल कसं करायचं' या पानाच्या शेवटी मी एक ओळ टाकली: काही गडबड झाली तर 'गिट रिसेट हार्ड' चालवा, सगळं मूळपदावर येईल. माझ्या लॅपटॉपवर येत होतं. ओळ मंजूर झाली, यादीत नाव लागलं, आईला स्क्रीनशॉट पाठवला.

काही महिन्यांनी एका मुलाने इश्यू उघडला. त्याने कोडमध्ये स्वतःचे बदल केले होते. दोन दिवसांचं काम, कमिट न केलेलं. कुठेतरी अडला, माझी ओळ वाचली, कमांड चालवली. गिट ज्या फायलींची नोंद ठेवतं, त्यांतले कमिट न केलेले बदल ही कमांड पुसून टाकते, 'नक्की ना?' असं विचारतही नाही. निदान 'गिट अ‍ॅड' केलेलं असतं तर काही तुकडे परत शोधता आले असते. तेही केलेलं नव्हतं. शेवटी त्याने लिहिलं होतं, 'बहुतेक माझंच काहीतरी चुकलं.'

मेंटेनरने लायसन्सकडे बोट दाखवलं. एमआयटी लायसन्स मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. सॉफ्टवेअर 'आहे तसं' दिलंय, कसलीही हमी नाही, असं त्यात असतं; आणि 'सॉफ्टवेअर' या शब्दात सोबतच्या डॉक्युमेंटेशनच्या फायलीही धरलेल्या असतात. म्हणजे माझी ओळसुद्धा विनाहमी. कागदावर मी सुटलो.

मेंटेनरचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रात्री जागून फुकट काम करणाऱ्यांकडून भरपाई मागायला लागलो तर कुणी काही लिहिणारच नाही. पण कोडवर सगळेच संशय घेतात, टेस्ट लिहितात, दुसऱ्याला तपासायला देतात. 'ही कमांड चालवा' हे वाचणारा मात्र संशय घेण्याच्या अवस्थेत नसतो. अडलेला असतो, म्हणून तर त्या पानावर आलेला असतो. एसटी स्टँडवर कुणी अनोळखी माणूस 'हीच साताऱ्याची गाडी, बसा' म्हणाला की आपण बसतो. तो खोटं बोलत नसतो. काल हीच गाडी गेली होती, एवढंच त्याला ठाऊक असतं. मी तेच केलं. 'माझ्याकडे चाललं' याचं 'चालतं' करून टाकलं. माहिती होती तेवढीच राहिली, आवाज मात्र खात्रीचा झाला. आणि त्या आवाजामुळे त्याने दोष स्वतःकडे घेतला.

मी ओळ बदलली. आधी 'गिट स्टेटस' बघा, स्वतःचे बदल असतील तर 'गिट स्टॅश' करा, नाहीतर ते कायमचे जातील. कुणीतरी शेरा मारला, पान लांबतंय. इश्यूवर त्या मुलाला लिहिलं, चूक तुझी नव्हती, ती ओळ माझी होती. उत्तर आलं नाही.

कुठली ओळ कुणी लिहिली हे दाखवणाऱ्या गिटच्या कमांडचं नाव 'ब्लेम' आहे. ती चालवली की आता नव्या ओळीपुढे माझं नाव येतं. जुनी ओळ इतिहासात आहेच, तीही माझ्याच नावावर.