शनिवार, रविवार आणि मंगळवारचं जेवण

अमेरिकेतल्या नोकरदार घरांत आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी हमखास होणारं एक जेवण आहे. सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी स्लो कुकरच्या जाड चिनीमातीच्या भांड्यात खिम्याचे गोळे ठेवायचे, त्यांवर टोमॅटोचा सॉस ओतायचा, झाकण लावून बटण ‘लो’वर फिरवायचं आणि निघायचं. संध्याकाळी दार उघडलं की घरभर लसणाचा आणि टोमॅटोचा वास. मग फक्त पास्ता उकळायचा आणि पानं घ्यायची. गोळे घरी न वळता तयार, शिजवून गोठवलेले आणले आणि सॉसही बाटलीतला घेतला, तर सकाळची मेहनत पाच मिनिटांची.

पण या सोयीत एक गंमत दडलेली आहे. मंद आचेवर तासन्‌तास शिजण्याची गरज असते ती चिवट मांसाला, म्हणजे मानेच्या, खांद्याच्या, पायाच्या तुकड्यांना. त्यातलं कोलॅजेन सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि दातांना न जुमानणारा तुकडा चमच्यानं तुटू लागतो. खिम्याचं तसं नाही. तो चिवटपणा यंत्राच्या पात्यानं आधीच मोडलेला असतो. लिंबाएवढा गोळा उकळत्या सॉसमध्ये अर्ध्या तासात शिजतो. त्यातून कुकरचं झाकण बंद, त्यामुळे वाफ बाहेर जात नाही आणि सॉस आटत नाही. उघड्या पातेल्यात खदखदून दाट झालेल्या टोमॅटोला जी गोडी येते, ती इथे येत नाही. आतलं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर चढत नसल्यामुळे गोळ्यांना खरपूस रंगही धरत नाही. तो हवा असेल तर आधी तव्यावर तेलात परतून घ्यावे लागतात, म्हणजे सोयीतली थोडी सोय गेलीच. चवीच्या हिशेबात स्लो कुकर इथे तोट्यातच आहे. ते सहा-सात तास मांसाला नको असतात, ते लागतात ऑफिसला गेलेल्या माणसाला. रेसिपीतला वेळ कामाच्या पाळीवरून ठरलेला असतो.

हे यंत्र ज्या पद्धतीतून जन्मलं, तिच्यात मात्र वेळेचा हिशेब नेमका उलटा होता.

शिकागोत अर्विंग नॅक्सन नावाचा एक इंजिनिअर होता. त्याची आई लिथुआनियातली ज्यू. तिच्या लहानपणीची एक आठवण त्यानं ऐकलेली होती. व्हिल्ना शहरात, म्हणजे आजच्या व्हिल्निअसमध्ये, शुक्रवारी संध्याकाळ होण्यापूर्वी घराघरांतून चोलंटची भांडी गावच्या बेकरीत नेऊन ठेवत. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ. त्या काळात विस्तव पेटवायचा नाही, काही शिजवायचं नाही. पण लिथुआनियाच्या थंडीत शनिवारी दुपारी पोटात गरम काही पडायला हवंच. मग कडधान्य, बार्ली, बटाटे आणि ऐपत असेल तर मांस अशी भरलेली भांडी पावाची भाजणी उरकलेल्या भट्टीत रात्रभर राहत. भट्टीच्या उरलेल्या धगीवर सगळं आपोआप शिजे आणि शनिवारी ते घरी आणून जेवत. नॅक्सननं ती धग विजेवर आणली. भांड्याभोवती सगळीकडून उष्णता देणाऱ्या कुकरसाठी त्यानं 1936 साली पेटंटचा अर्ज केला, 1940 साली ते मिळालं. यंत्र बरीच वर्षं घेवड्याच्या बिया शिजवण्याचं साधन म्हणून विकलं गेलं आणि फारसं कोणाच्या डोळ्यांत भरलं नाही. 1970 साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीनं नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी तेच यंत्र नव्या रूपात ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात उतरवलं. गृहिणी घराबाहेर असली तरी जेवण दिवसभर शिजत राहतं, असा त्याच्या जाहिरातीचा सूर होता.

शब्बाथ म्हणजे काय हे समजायला मराठी वाचकाला लिथुआनियापर्यंत जायची गरज नाही. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. एका समाजाची गावातली ओळख तो काय करतो यापेक्षा कोणत्या दिवशी करत नाही यावरून ठरावी, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि शब्बाथची आज्ञा केवळ घरधन्यापुरती नाही. नोकर, दासी, गुरंढोरं यांनाही त्या दिवशी काम लावायचं नाही, असं ती स्पष्ट सांगते. घाण्याचा बैलसुद्धा सुटा.

चोलंटचं भांडं भट्टीत जायचं ते दुसऱ्या दिवशी घरात कोणालाच काम करावं लागू नये म्हणून. (शुक्रवारी दुपारी त्या घरांतल्या बायकांची काय धांदल उडत असेल, ते वेगळं. दोन दिवसांचा स्वयंपाक त्यांना एका दुपारी उरकावा लागे.) क्रॉक-पॉटचं बटण फिरतं ते कामात खंड पडू नये म्हणून. 1970 साली अमेरिकेतल्या प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे 43 टक्के नोकरीत किंवा नोकरीच्या शोधात होत्या, 1980 साली 51 टक्क्यांच्या वर. याच दशकात हे यंत्र घरोघर पोचलं आणि 1975 साली मेबल हॉफमन यांचं स्लो कुकरच्या पाककृतींचं पुस्तक तुफान खपलं. भांडं तसंच आणि मंद धगही तशीच राहिली, पण जी युक्ती विश्रांतीसाठी शोधली गेली होती ती कामाच्या दिवसाला जुंपली गेली.

आता भांड्यात काय आहे ते पाहू. 1880 ते 1920 या काळात इटलीतून चाळीस लाखांच्या आसपास माणसं अमेरिकेत गेली, त्यातली बहुतेक दक्षिणेकडची, शेतमजुरी करणारी. गावी त्यांच्या ताटात मांस पडायचं ते सणासुदीला. तिथले खिम्याचे गोळे लहान असत, त्यात शिळा पाव भिजवून कालवलेला असे, कारण थोड्या मांसात जास्त तोंडं भागवायची असत. आणि ते बहुतेक ठिकाणी पास्त्यापासून वेगळे खात. अब्रुत्सो भागातल्या तेरामोसारखे अपवाद आहेत. तिथे हरभऱ्याच्या दाण्याएवढे गोळे पास्त्यावर घालतात. पण मुठीएवढे गोळे आणि खाली स्पॅगेटीचा ढीग हे ताट अमेरिकेतच तयार झालं. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींत राहणाऱ्या या मजुरांना हातात रोख पगार आला, मांस परवडू लागलं, डब्यातला टोमॅटो स्वस्त मिळू लागला. गोळे मोठे झाले. भिजवलेला पाव मात्र राहिला. काटकसरीसाठी आलेला पाव आता गोळा मऊ राहावा म्हणून घालतात.

हे जेवण रविवारचं. सकाळपासून मोठ्या पातेल्यात सॉस रटरटत असायचा, त्यात तळलेले गोळे पडायचे, आणि दुपारी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे टेबलाभोवती. नेपल्समध्ये तर रविवारच्या रागूची, म्हणजे मांस घालून मंद शिजवलेल्या टोमॅटोच्या सॉसची, तयारी शनिवारीच सुरू होते. एदुआर्दो दे फिलिप्पो या नेपल्सच्या नाटककारानं 1959 साली एक नाटक लिहिलं, त्याचं नावच ‘शनिवार, रविवार आणि सोमवार’. शनिवारी रागू चुलीवर चढतो आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर नवरा-बायकोत आतल्या आत साचलेलं भांडण फुटतं. रविवार सुट्टीचा खरा, पण पातेल्याजवळ उभ्या असलेल्या बाईला तो कधीच मिळाला नाही. उलट तिचा सगळ्यात जास्त कामाचा दिवस तोच. दिवाळीच्या फराळाबद्दल आपल्याकडच्या कोणत्याही आजीला विचारावं.

म्हणजे स्लो कुकरमधल्या या जेवणात दोन स्थलांतरितांच्या दोन सुट्ट्या एकत्र आल्या आहेत. भांडं ज्यूंच्या शनिवारचं, आतला पदार्थ इटालियनांच्या रविवारचा. आणि खाल्लं जातं ते मंगळवारी, मुलांचा गृहपाठ आणि उद्याची मीटिंग यांच्या मधल्या अर्ध्या तासात.

यात हळहळण्यासारखं काही नाही, असं कोणी म्हणेल. पातेल्यापाशी सहा तास उभं राहण्यापेक्षा बटण बरं. बरंच, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की वाचलेले सहा तास गेले कुठे? रुथ श्वार्त्झ कोवन या इतिहासकार बाईंनी 1983 साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात अमेरिकी घरातल्या यंत्रांचा हिशेब मांडला. बंदिस्त शेगडी आली तेव्हा लाकडं फोडणाऱ्या पुरुषाचं काम कमी झालं, गिरणीचं पीठ आलं तेव्हा दळणाची त्याची खेप वाचली. पण चुलीजवळच्या बाईकडून मात्र आता एकाच्या जागी तीन पदार्थांची अपेक्षा होऊ लागली. स्लो कुकरनं पातेल्याची राखण काढून घेतली, हे त्याचं खरं देणं. पण मंगळवारी काय करायचं हे सोमवारी रात्री ठरवणं, खिमा फ्रीझरमधून आदल्या दिवशी खाली काढणं (गोठलेलं कच्चं मांस कुकरमध्ये टाकलं तर ते फार वेळ कोमट राहतं आणि त्यात जंतू वाढतात), कोणाला लसूण नको आणि कोणाला चीज जास्त हवं हे डोक्यात ठेवणं, यातलं काहीही ते भांडं करत नाही. ही सगळी कामं सकाळी सातच्या आधी कोणीतरी केलेली असतात, आणि ‘सोपं’ म्हणताना ती मोजली जात नाहीत.

आपण भारतात या वाटेनं गेलो नाही. आपल्याकडे स्वयंपाकघरात जी क्रांती झाली ती प्रेशर कुकरची, आणि तिनं वेळ लांबवण्याऐवजी आवळला. त्याआधी कोळशावरचे पितळी डब्यांचे कुकर होते. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेला इकमिक कुकर त्यातला गाजलेला. निखारे घालून, डबे लावून माणूस बाहेर जाऊ शकत असे. ती परंपरा टिकली नाही. शिट्ट्यांचा कुकर आला आणि शिट्ट्या मोजायला घरात माणूस असणं आलं. तरीही नोकरी करणाऱ्या मराठी बाईची संध्याकाळ कशी निभावली? पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे: स्वयंपाकाच्या मावशी. त्या चार घरांतल्या पोळ्या लाटून रात्री स्वतःच्या घरी पोचतात आणि मग तिथली चूल पेटवतात. अमेरिकेत माणसाचा तास महाग, म्हणून तिथे यंत्र विकलं गेलं. आपल्याकडे माणसाचा तास स्वस्त, म्हणून यंत्राची गरज भासली नाही. आपल्या वाचलेल्या वेळेचा भार कोणावर पडतो हे विचारायची वेळ आली की मला क्रॉक-पॉट अधिक प्रामाणिक वाटतो. निदान त्याला घरी वाट पाहणारी मुलं नाहीत.

राहता राहिला पास्ता, आणि या सगळ्या योजनेत न बसणारा पदार्थ तोच आहे. गोळे थांबतात. तासभर उशीर झाला तरी कुकर ‘वॉर्म’वर जातो आणि काही बिघडत नाही. पास्ता थांबत नाही. खळाळत्या खारट पाण्यात आठ-दहा मिनिटं, आणि वेळेवर उपसला नाही तर लगदा. कित्येक पाककृतींत शेवटच्या वीस-तीस मिनिटांत कोरडा पास्ता कुकरमध्येच ढकलायला सांगतात, म्हणजे दुसरं पातेलं घासायला नको. चालतं. पण सॉस आटलेला नसताना पास्ता तो पिऊन फुगतो, त्याचं पिष्ट सॉसमध्ये उतरून सगळं गिच्च होतं, आणि दाताखाली येणारी त्याची मधली किंचित कच्ची कणी हरवते. माझं मत स्पष्ट आहे: कुकरमध्ये गोळे आणि सॉस, पास्ता वेगळ्या पातेल्यात. सॉसमध्ये वरून पाणी घालू नये, कारण ते उडून जाणार नाही. गोळे तव्यावर परतून घ्यावेत. आदल्या रात्री परतायचे तर पूर्ण शिजवून, गार करून फ्रिजमध्ये ठेवावेत, अर्धवट शिजवून नाही. मटणाचा किंवा चिकनचा खिमा घेतला तरी दुधात भिजवलेला पाव विसरू नये.

आणि हा बेत मंगळवारचा न करता एकदा शनिवारचा करून पाहा. गोळे शुक्रवारी रात्री तयार ठेवा, शनिवारी सकाळी बटण फिरवा, आणि घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला, ती आई असो की मावशी, त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकू देऊ नका. मावशींचा त्या दिवसाचा पगार कापू नका. पास्त्याची दहा मिनिटं घरातल्या ज्यानं कधी गॅस पेटवला नाही त्यानं सांभाळायची. पाणी भरपूर घ्यायचं, मीठ हात आखडता न घेता घालायचं, आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी चाखून पाहायचं.