बॉल स्क्रू की साधा आटा?

मु. पो. हिवरखेड, जि. अकोला

चि. माई,

तुझ्या मशीनचं ड्रॉइंग दोन रात्री पाहत बसलो. लाकडावर नक्षी कोरणारी मशीन तू आपल्या गावातच उभी करणार, याचा फार आनंद झाला. पण तिन्ही अक्षांना तू बॉल स्क्रू दाखवलेस, तिथे नजर अडली.

बॉल स्क्रू उत्तमच. आट्याच्या खोबणीतून पोलादी गोळ्या फिरतात, त्यामुळे घासणं जवळजवळ संपतं आणि मोटरची नव्वदेक टक्के ताकद कामी येते. साध्या एकेरी ट्रॅपेझॉइडल आट्यात, नट गनमेटलचा असला तरी, तिसेक टक्के हाती लागते. कागदावर निकाल लागलाच. पण उरलेली ताकद खाणारं घर्षणच ओझं धरून ठेवतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली स्क्रू जॅक लावला की दांडा सोडून दिला तरी ट्रॉली खाली येत नाही. पाटाचं गेट चाक फिरवून उचललं की तसंच राहतं. बॉल स्क्रूला हे जमत नाही. त्यात वजन नटाला ढकलतं आणि नट स्क्रूलाच उलटा फिरवतो.

आता आपल्याकडची लाईट आठव. न सांगता जाते. स्पिंडल वर उचललेलं असताना गेली, तर तुझं हेड सरळ लाकडावर बसेल. तरुणपणी मी हौसेने एका उभ्या स्लाइडला बॉल स्क्रू बसवला आणि ब्रेक लावला नाही. लाईट गेली तेव्हा खाली फक्त जॉब होता, माणसाचा हात नव्हता. चूक माझी होती, आणि ती तुझ्या हातून होऊ नये म्हणून हे पत्र.

म्हणून उभ्या अक्षाला साधा आटा घे, २० मिलिमीटर व्यास आणि ४ पीच. थ्रीडी प्रिंटरला येतो तो ८ मिलिमीटरचा, चार स्टार्टचा रॉड मात्र नको. त्याचा एक फेरा ८ मिलिमीटर सरकतो, चढ इतका उभा की तोही ओझ्याने उलटा फिरतो. बॉल स्क्रूच हवा असेल तर ब्रेक असलेली मोटर घ्यावी लागेल, तो खर्च आधी मांड.

आडव्या दोन अक्षांना बॉल स्क्रू खुशाल लाव. सी७ दर्जात ३०० मिलिमीटरला ०.०५ मिलिमीटरची चूक धरलेली असते, लाकडाच्या कामाला तेवढी अचूकता पुष्कळ झाली. जपायचं ते भुशाला. गोळ्यांच्या वाटेत भुसा आणि ग्रीस मिसळून लगदा झाला की नट गेला. दोन्ही टोकांना वायपर हवेत आणि वरून भात्यासारखं कव्हर. आपल्या गावात कपाशीच्या हंगामात रुईचा धुरळाही उडतो, तो वेगळाच.

अख्खं दार कोरता येईल एवढ्या लांबीच्या अक्षाला मात्र १६ मिलिमीटरचा बारीक स्क्रू चालणार नाही. लांबी दुप्पट झाली की तो फडफडू लागायचा वेग चौथाईवर येतो. दोन मीटरला २५ मिलिमीटर व्यास आणि १० लीड घे, नाहीतर सरळ रॅक-पिनियन. मला रॅक पटतो, धुळीलाही तो कमी बिचकतो.

आणि उन्हाळा. एक मीटर पोलाद दर अंशाला ०.०१२ मिलिमीटरच्या आसपास वाढतं. फ्रेमही लोखंडाची, तीही वाढते, पण स्क्रू चालून तापतो आणि तिच्या पुढे जातो. दोन्ही टोकं घट्ट आवळलीस तर तो धनुष्यासारखा वाकेल. मोटरकडचं टोक पक्कं, दुसरं बेअरिंगमध्ये सरकतं ठेव.

उभ्या अक्षाचा नट मी इथेच लेथवर करून देतो. गनमेटलचा तुकडा घरात आहे. दोन भागांत करू, मध्ये स्प्रिंग टाकू, म्हणजे झिजला तरी प्ले येणार नाही. रॉड आणलास की आधी माझ्याकडे पाठव, आटे त्याच्यावर जुळवूनच पाडावे लागतील.

तुझा मामा