लाइट गेली की विसरणारी डिस्क

विंडोज ९८ची स्टार्टअप फ्लॉपी घालून ज्यांनी कधी घरचा पीसी फॉरमॅट केला असेल, त्यांना एक घोळ नक्की आठवेल. एरवी ‘डी’ असणारा सीडी ड्राइव्ह अचानक ‘ई’ व्हायचा आणि सेटअपची कमांड हमखास चुकायची. मधलं ‘डी’ हे अक्षर पळवलेलं असायचं एका अशा ड्राइव्हने, जो कॅबिनेटमध्ये कुठे स्क्रूने बसवलेलाच नव्हता. फ्लॉपीची जागा १.४४ एमबी. डिस्क तपासायची आणि फॉरमॅट करायची साधनं तिच्यात मावत नसत, म्हणून ती एका कॅब फाइलमध्ये दाबून भरलेली असत. मशीन सुरू झालं की मेमरीतला २ एमबीचा तुकडा ड्राइव्ह म्हणून उभा राही आणि साधनं त्यात उलगडली जात. मशीन बंद केलं की तो ड्राइव्हही गेला.

हीच रॅम डिस्क. कल्पना त्याहून जुनी आहे. १९८४च्या पीसी-डॉस ३.०सोबतही तसा ड्रायव्हर मिळत असे. आणि ती संपलेलीही नाही. लिनक्समध्ये ‘टीएमपीएफएस’ नावाने ती रोज राबते. २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने तर तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर मुळातच मेमरीत ठेवायला सुरुवात केली.

घरच्या कॉम्प्युटरवर लोक तिच्याकडे वळतात ते वेगाच्या लोभाने. आकडे भुरळ घालणारेच आहेत. फिरत्या हार्ड डिस्कला एखादी जागा शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात, रॅमला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास. पण यात एक गोम आहे. विंडोज असो, मॅक असो वा लिनक्स, ऑपरेटिंग सिस्टिम नुकत्याच वाचलेल्या फाइली मोकळ्या रॅममध्ये आपणहून धरून ठेवते आणि दुसऱ्या कामाला जागा लागली की सोडून देते. हे काम ती न सांगता करते. ८ जीबी रॅमच्या मशीनवर त्यातली ४ जीबी डिस्कसाठी अडवून ठेवणं म्हणजे स्वतःच्या हाताने मशीन मंद करणं. मोठ्या प्रोग्रॅमचं वारंवार कम्पाइलिंग, हजारो बारीक फाइलींचं आर्काइव्ह उलगडणं, किंवा रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डाची सततच्या लॉग-लिखाणाने होणारी झीज वाचवणं, एवढ्या मोजक्या कामांत फायदा खरा आहे. बाकी घरांत वेगासाठी रॅम डिस्क हा हौसेचा मामला.

मग तिच्यात उरतं काय? उरतो तो तिचा बदनाम गुण: लाइट गेली की ती सगळं विसरते. हा दोष मानायचा की गुण, हा प्रश्न कॉम्प्युटरवाल्यांनी एका ओळीत निकालात काढला आहे. महत्त्वाचं काही तिथे ठेवू नका, म्हणे. भारतीय दर्शनांनी मात्र टिकणं, आठवणं आणि असणं यांच्या नात्यावर हजारेक वर्षं भांडण केलं. त्या भांडणाचा नमुना रॅमच्या चिपमध्ये जसा दिसतो तसा दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आपण रोज वापरतो त्या डीरॅमचा मूळ घटक आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६मध्ये कल्पिला; १९६८मध्ये त्याला पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, एवढाच त्याचा संसार. कपॅसिटरमध्ये चार्ज असेल तर एक, नसेल तर शून्य. पण हा चार्ज सारखा गळत असतो. म्हणून चिपमधली प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा लिहावी लागते, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की वाचणं हेच पुसणं असतं. वाचताना कपॅसिटरमधला चार्ज निघून जातो आणि वाचलेलं मूल्य लगेच परत भरावं लागतं. स्क्रीनवर स्थिर दिसणारी फाइल आत अखंड मरत आणि जन्मत असते.

प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नष्ट होते असं मानणाऱ्या बौद्ध क्षणभंगवाद्यांना यात नवल वाटलं नसतं. मिलिंदपञ्हात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? ना तीच, ना वेगळी. तो एक प्रवाह आहे. पुढे धर्मकीर्तीने याला तर्काची धार लावली. त्याच्या मते जे काही कार्य घडवतं तेच खरं असतं. किती काळ टिकतं हा निकषच नव्हे. अकराव्या शतकात विक्रमशिलेच्या रत्नकीर्तीने ‘क्षणभंगसिद्धि’ नावाचा ग्रंथच लिहिला. या कसोटीवर रॅम डिस्क पूर्णपणे खरी ठरते: फाइल उघडते, छापली जाते, काम होतं.

न्यायदर्शन मानणारे नैयायिक हे ऐकून गप्प बसणारे नव्हते. रत्नकीर्तीच्या जवळपास त्याच काळातले मिथिलेचे उदयनाचार्य ‘आत्मतत्त्वविवेका’त क्षणभंगाची चिरफाड करतात. त्या पक्षाचा नेमका मुद्दा असा: काल पाहिलं तेच आज ओळखलं, असं म्हणणारा कुणीतरी एकच असायला हवा. पाहणारा वेगळा आणि आठवणारा वेगळा असेल तर ओळख पटणार कुणाला? अनुभवाने आत्म्यावर संस्कार उमटतो आणि संस्कारातून स्मृती जागते, अशी त्यांची मांडणी. गंमत म्हणजे स्मृतीच्या जोरावर आत्मा सिद्ध करणारं हेच दर्शन स्मृतीला प्रमाणांच्या, म्हणजे खऱ्या ज्ञानाच्या साधनांच्या, पंगतीत बसवत नाही. ‘तर्कसंग्रह’ हे न्यायाचं प्राथमिक पुस्तक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा हे कोडंच वाटतं.

घरच्या टेबलावर या वादाचं काय होतं? ई-आधारची पीडीएफ घ्या. तिला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. कुठल्याशा पोर्टलला पासवर्डवाली फाइल चालत नाही, म्हणून घरातलं जाणतं पोर तिची विनापासवर्ड प्रत काढून अपलोड करतं. काम दोन मिनिटांत होतं आणि उघडी प्रत डाउनलोड्समध्ये वर्षानुवर्षं पडून राहते. आत्याची, काकांची, भाडेकरूचीही. डिलीट केली तरी बऱ्याचदा आधी फक्त नोंद पुसली जाते, मजकूर काही काळ तसाच राहतो. ही प्रत पहिल्यापासून रॅम डिस्कवर काढली असती तर तिला तेवढ्या कामापुरतंच आयुष्य मिळालं असतं. काय विसरायचं हे नंतर आवरताना नव्हे, तर फाइल जन्मायच्या आधी ठरवायचं. रॅम डिस्कचा घरगुती उपयोग सगळ्यात जास्त इथे आहे आणि विसरणं इथे निःसंशय गुण आहे.

फक्त ते विसरणं खरोखर होतं का, हे पाहायला हवं, कारण संस्कारवाल्यांची बाजू यंत्रानेही पुरती सोडलेली नाही. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८मध्ये दाखवून दिलं की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद, कधी त्याहून जास्त, रेंगाळतो. धूळ उडवायच्या हवेच्या फवाऱ्याचा डबा उलटा धरून चिप उणे ५० अंशांपर्यंत गार केली की तो कित्येक मिनिटं टिकतो. त्यांनी अशा चिपमधून एन्क्रिप्शनच्या किल्ल्या काढून दाखवल्या. घरात असा चोर येणार नाही हे खरं. पण त्याहून साध्या वाटा आहेत. मेमरी अपुरी पडली की टीएमपीएफएसमधला मजकूर स्वॅपमध्ये, म्हणजे खऱ्या डिस्कवर, उतरू शकतो. हायबरनेट केलं तर अख्खी रॅमच फाइल होऊन डिस्कवर जाते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ करतानाही मेमरीचा काही भाग लिहून ठेवला जातो. ‘रीस्टार्ट’ मात्र पाटी कोरी करून सुरू होतं.

तेव्हा ज्यांच्याकडे १६ जीबी किंवा जास्त रॅम आहे त्यांनी एक-दोन जीबीची रॅम डिस्क खुशाल करावी. लिनक्स आणि मॅकमध्ये सोय आतच आहे, विंडोजमध्ये वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागतो. दुसऱ्यांच्या कागदपत्रांची सगळी तात्पुरती कामं तिथे करावीत, हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप बंद ठेवावेत, स्वॅप एन्क्रिप्ट करता येत असेल तर करावा. लग्नाचे फोटो आणि मुलीचा प्रोजेक्ट मात्र साध्या डिस्कवरच, आणि त्यांची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी.