उभे राहण्याचे तप

श्रवणबेळगोळच्या टेकडीवर चावुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी करविलेली बाहुबलीची 57 फुटी मूर्ती पाहावयास गेलेला मराठी माणूस प्रथम तिच्या पावलांपाशी वाकतो, आणि त्या वाकण्यात भक्तीपेक्षा कुतूहलाचाच अंश बहुधा अधिक असतो. कारण मराठीतील अगदी आरंभीच्या शिलालेखांत ज्याची गणना होते तो लेख तेथेच कोरलेला आहे. मीही तो वाचण्यासाठीच वाकलो होतो. परंतु लेखावरून वर चढू लागलेली दृष्टी पायांभोवती विळखे घालीत मांड्यांपर्यंत गेलेल्या वेलींपाशी अडखळली, आणि त्या मला काही केल्या वेली वाटेनात. कारण तशाच गाठाळ, वळणावळणाच्या रेषा मी त्यापूर्वी दोन ठिकाणी पाहिल्या होत्या, एकदा नाशिकच्या सिंहस्थात एका खडेश्वरी साधूच्या पायांवर, आणि त्यानंतर काही वर्षांनी माझ्या स्वतःच्या डाव्या पोटरीवर.

खडेश्वरी म्हणजे वर्षानुवर्षे न बसण्याचे व न निजण्याचे व्रत घेतलेला तपस्वी. झाडाला वा मांडवाला टांगलेल्या झोपाळ्यासारख्या फळीवर हात व छाती टेकून तो उभ्याउभ्याच झोप घेतो. मी पाहिलेल्या साधूचे पाय गुडघ्याखाली खांबासारखे सुजलेले, घोट्यापाशी कातडी काळवंडून चामड्यासारखी कठीण झालेली, आणि आतल्या घोट्याच्या वर गुंडाळलेल्या फडक्यातून जखमेचा ओलावा उमटलेला होता. पाय दुखत नाहीत काय, असे मी त्याच्या शिष्याला हलक्या आवाजात विचारले. तो तत्काळ म्हणाला, “दुखता है सो देह को दुखता है, महाराज को नहीं.” हे उत्तर पाठ केलेले असेल, पण पाठ केलेले उत्तर खोटेच असते असे नाही, आणि पुढे कित्येक दिवस ते माझ्या मनात घोळत राहिले.

माझी स्वतःची कथा तपाची नसून पोटाची आहे. 31 वर्षे फळ्यासमोर उभे राहून भूमिती शिकविली. मास्तर, न्हावी, न्यायालयातला पट्टेवाला, चौकातला पोलीस आणि ओट्याशी उभी असलेली गृहिणी ही पायांच्या शिरा फुगण्याच्या या रोगाची ठरलेली रयत. त्यात आईबापांकडून आलेला वारसा, वाढलेले वजन आणि स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपणे यांची भर पडते. सायंकाळी पाय जड होणे, रात्री पोटरीत गोळे येणे, घोट्याशी खाज सुटणे ही सारी लक्षणे मी वयाच्या खाती जमा करून मोकळा झालो होतो.

शल्यवैद्यांनी मला उताणे निजवून पाय वर उचलला, फुगलेली नीला रिकामी होऊ दिली, मांडीच्या मुळाशी रबरी पट्टा आवळला आणि मला उभे केले. पट्टा सोडताच वरून खाली रक्त असे उतरले, की पाट फोडल्यावर वाफ्यात पाणी शिरावे! ट्रेंडेलेनबुर्ग नावाच्या जर्मन शल्यविशारदाची ही जुनी परीक्षा आता फारसे कोणी करीत नाही. हे वैद्यही ती बहुधा जुन्या सवयीनेच करीत असावेत, कारण लगेच त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर तीच गोष्ट पुन्हा दाखविली. पोटरी दाबताच एका रंगात वर गेलेले रक्त, हात काढताच दुसऱ्या रंगात खाली परतत होते. ते अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ उलटे वाहिले, की दार निकामी झाले असे समजतात.

हे ‘दार’ माझ्या पदरचे नव्हे. पादुआचा शरीरविद् फाब्रिसियस याने 1603 साली नीलांतील पडद्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्यांना ‘छोटी दारे’ असेच म्हटले. मात्र रक्त पायांकडे लोटून तेथे साचू नये म्हणून ती त्याचा वेग आवरतात, असा त्याचा ग्रह होता. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वी याने ती सगळी हृदयाच्या दिशेनेच उघडतात यातील मर्म ओळखले, आणि 1628 साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला. निसर्गाने इतकी दारे हेतूवाचून बसविली नसावीत, या विचारातून आपल्याला ती कल्पना सुचली, असे हार्वीने सांगितल्याचे रॉबर्ट बॉइलने नमूद करून ठेविले आहे. आणि सृष्टीत हेतू आहे की नाही या वादात हा दाखला पुढे केला गेला. आता दारे बसविणाऱ्याचा हेतू मान्य करावा, तर ती मोडतात त्याची जबाबदारी कोणाच्या नावे चढवावी? या वादाचा निकाल लावण्याचा माझा वकूब नाही. मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच.

दार रक्ताला परत खाली येऊ देत नाही, एवढेच. वर चढविण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नाही. ते काम मुख्यतः पोटरीचे. मनुष्य निश्चल उभा असता घोट्यापाशी नीलेतील दाब सुमारे 90 मिलिमीटर पारा इतका असतो, आणि चालू लागताच काही पावलांत तो 30 च्या आसपास उतरतो. हृदय आपला हुकूम विचारीत नाही. आपण निजलो, रुसलो, संन्यास घेतला, तरी ते रक्त खाली धाडतच राहते. परतीचा कारभार मात्र पोटरीच्या इच्छाधीन स्नायूंवर सोपविलेला आहे, म्हणजे तुमच्याआमच्या मर्जीवर. देह वेगळा आणि महाराज वेगळे ही शिष्याने आखलेली सीमा येथे पुसली जाते. कारण ज्याला दुखत नाही असे तो म्हणत होता, त्याच्याच संकल्पाने ती पोटरी थांबविली होती.

उपचारांतही मौज आहे. मोडलेले दार सहसा कोणी दुरुस्त करीत नाही. रस्ताच बंद करतात. लहान शिरांत औषध टोचून त्या मिटवितात. मोठी नीला पूर्वी जांघेत बांधून ओढून काढीत, आता लेसरच्या उष्णतेने आतूनच मिटवितात, आणि रक्त खोलवरच्या वाटेने बिनतक्रार जाते. ती खोल वाट खुली आहे याची खातरजमा मात्र आधी करावी लागते, कारण तेथे गुठळी झाली तर प्रकरण गंभीर: एकच पाय अचानक सुजतो, दुखतो, आणि गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर प्राणावर बेततो. तेथे रक्त गोठू न देणारी औषधे विनाविलंब हवीत. माझे भागले ते घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणाऱ्या मोज्यांवर, आणि वैद्यांच्या एका आज्ञेवर: “मास्तर, चाला, नाहीतर पाय उशाहून उंच ठेवून पडा, नुसते उभे राहू नका.”

गीतेच्या सतराव्या अध्यायात शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देहातील भूतसमुदायाला, आणि आत वसणाऱ्या भगवंतालाही, कृश करणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. आणि शारीर तप म्हणून जे सांगितले आहे, त्यात पूजन, शुचिता, सरळपणा, अहिंसा आहेत, उभे राहणे नाही. तरीही त्या साधूला आसुरी म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. आमच्याकडे विटेवर उभा राहण्याचा मान देवाला दिला आहे आणि भक्ताच्या वाट्याला आळंदीहून दीडशे मैलांची चाल आली आहे. ही वाटणी कोणी वैद्यकाचा विचार करून केली नसणार हे उघड आहे.

बाहुबलीची कथा श्वेतांबर परंपरेत अशी सांगतात, की वर्षभर कायोत्सर्गात उभे राहूनही त्याला केवलज्ञान होईना. आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, म्हणून तो त्यांच्याकडे गेला नव्हता. अखेर ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या आणि म्हणाल्या, दादा, हत्तीवरून खाली उतर. जमिनीवर उभ्या असलेल्या त्या तपस्व्याला कोणता हत्ती ते उमगले, आणि भावांकडे जाण्यासाठी त्याने पाऊल उचलले. ते पुढे टेकण्यापूर्वीच त्याला ज्ञान झाले.