अभय कुणी कुणाला द्यायचे?

नर्मदा परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची असते. दक्षिण तटाने निघालेले बरेच परिक्रमावासी प्रकाशाहून तळोद्यात येतात आणि अक्कलकुवा, खापर करत गुजरातेत सागबाऱ्याकडे उतरतात. शूलपाणीच्या झाडीतली काठाकाठाची जुनी वाट आणि मूळ शूलपाणेश्वराचे मंदिर सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले, तेव्हापासून या रस्त्यावरची वर्दळ वाढली. आता त्यात सायकलवालेही दिसतात. हँडलला भगवा झेंडा, कॅरिअरवर गुंडाळलेला तंबू.

तंबू पाहून जुने परिक्रमावासी नाराज होतात. मिळेल ते सदाव्रत घ्यावे, मिळेल तिथे पाठ टेकावी, ही परिक्रमेची रीत. झाडीत भिल्ल ‘मामा’ अंगावरच्या लंगोटीखेरीज सारे काढून घेत, आणि लुटला गेलेला माणूस ती मैयाची परीक्षा मानून पुढे चालू लागे. मग निवारा पाठीशी बांधून निघालेल्याची श्रद्धा कच्ची म्हणायची का?

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी अभयापासून सुरू होते. आपण त्याचा अर्थ सहसा स्वतःपुरता लावतो: मला भीती वाटू नये. परंतु संन्यास घेणारा सर्व भूतमात्रांना अभय देतो. माझ्यापासून कुणालाही भय नसेल, ही त्याची प्रतिज्ञा. सातपुड्याच्या जंगलात शिरताना हा दुसरा अर्थच अधिक खरा वाटतो, कारण तिथे अस्वल आहे.

तळोद्याच्या पश्चिमेला, सीमेपलीकडे, शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. १९८२ मध्ये ते मुळात अस्वलांसाठीच राखले गेले. आपले हे अस्वल माणूस खायला येत नाही. वाळवी, मुंग्या, मध, फळे आणि मोहाची फुले हे त्याचे अन्न. वारुळात तोंड खुपसून ते वाळवी ओढू लागले की त्या आवाजात त्याला दुसरे काही ऐकू येत नाही. नजरही फारशी तीक्ष्ण नाही. माणूस अगदी जवळ आला की ते दचकते, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. ते करते ते भीतीपोटी.

सायकल या बाबतीत पायी चालणाऱ्याहून धोक्याची. ती वेगाने येते आणि आवाज करत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत मोंटाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ, वळणावर एक सायकलस्वार थेट ग्रिझ्ली अस्वलावर आदळला आणि प्राणाला मुकला. त्याच राज्यात ओव्हँडो गावी २०२१ मध्ये तंबूत झोपलेल्या सायकलयात्री महिलेला ग्रिझ्लीने मारले. आधी एकदा ते येऊन गेल्यावर तंबूतले खाणे बाहेर काढले होते, तरी ते परत आले. ग्रिझ्लीचा स्वभाव वेगळा, त्याला अन्नाचा वास ओढून आणतो. तरीही एका घटनेत माणसाचा वेग आणि दुसरीत माणसाचे अन्न प्राण्याच्या वाटेत आले होते, एवढे खरे.

म्हणून घाटाच्या वळणावर घंटी वाजवणे, वेग उतरवणे, मोठ्याने ‘नर्मदे हर’ म्हणणे, हे भित्रेपणाचे लक्षण मानायचे कारण नाही. ते अभयदानच आहे. आपण येत आहोत हे अस्वलाला आधी कळले, की त्याला बाजूला व्हायला सवड मिळते.

सातपुड्यातले आदिवासी वाघदेव पूजतात. ज्याच्यापासून जिवाला धोका, त्यालाच देव मानून ते नैवेद्य दाखवतात. ही केवळ भीती आहे असे म्हणणारा तिच्यातला शेजारधर्म पाहत नाही. जंगल दोघांचे आहे, हे त्यात आधीच मान्य केलेले असते.

मग तंबूचे काय? ज्याने तो पाड्यावर, विचारून, कुणाच्या अंगणात किंवा शाळेच्या ओट्याशी लावला, त्याने रीत मोडली नाही. सदाव्रत त्यालाही चालते. पण चैत्रात जंगलातल्या मोहाखाली लावला, तर ती आगळीकच. पहाटे ती फुले वेचायला पाड्यातली बाई येते आणि अस्वलही येते. बाई सोबतीने, बोलत-बोलत येते. परिक्रमावासी सायकलस्वाराने तिच्याकडून एवढे घ्यावे, आणि ऊन वर येईपर्यंत गावातच थांबावे.