पाना वाजला, बोल्ट?

जव्हारहून शिरपामाळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज या माळावर थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांना शिरपेच खोवला, असं इथे सांगतात. मिस्त्रीला मात्र मोखाड्याकडच्या चढणीवर दमून आलेल्या जीपगाड्यांतच रस.

हाताखालचा पोरगा अंगाने दणकट. एका डिझेल जीपचं इंजिन बांधताना त्याने कनेक्टिंग रॉडचे आठही बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. दर वेळी ठरलेल्या जोराला पाना टक्क वाजला.

"झालं काका, आठही सारखे!"

"सैल कर सगळे."

पोरगा फुगला. काकांनी मायक्रोमीटर काढला तसं त्याला हसूच आलं. दंडातल्या ताकदीवर भिस्त असलेल्या त्याला मोजमापाचा कंटाळाच होता. काकांनी एकेक बोल्ट सुटा मोजून वहीत लिहिला, मग आवळून पुन्हा मोजला.

"आवळला की बोल्ट रबरासारखा ताणला जातो. त्याची परत आखडायची ओढ असते ना, तीच रॉडची कॅप धरून ठेवते."

सात बोल्ट 0.15 मिलिमीटरच्या आसपास ताणले गेले होते. आठवा फक्त 0.08.

"पण पाना तर तेवढ्यालाच वाजला!"

"वाजणारच. तुझ्या जोरातले दहातले नऊ वाटे आट्यांत नि नटाखाली घासण्यातच जातात. ह्याच्या आट्यांत घाण आहे, तिने आणखी खाल्ला. जोर किती लावलास ते पाना सांगेल. पोचला किती, ते बोल्टालाच विचारायचं."

आटे साफ करून तेल लावल्यावर तो बोल्ट वळणावर आला. पण सगळे पुन्हा सैल करून मोजले, तेव्हा भलत्याच एकाने दगा दिला. सुटा असूनही तो आधीपेक्षा 0.03 मिलिमीटर लांबच राहिला.

"हा गेला. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असलं की पिस्टन सेकंदाला 50 वेळा वर जाऊन माघारी फिरतो. त्या हिसक्यात हा तुटला, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल."

संध्याकाळी गाडीवाला आला. बोल्ट उलटसुलट करत म्हणाला, "एवढ्यासाठी गाडी अडवलीत? नवाकोरा दिसतोय की!"

काका काही बोलायच्या आत पोरग्याने वही उघडून त्याच्यापुढे धरली.

"दादा, हा आवळायच्या आधीचा आकडा, हा सोडल्यानंतरचा. नाशिकहून नवा बोल्ट येईपर्यंत गाडी इथंच."