पाठ आणि पोच

शिकविणे म्हणजे ज्ञान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठविणे नव्हे, हे तत्त्व आपण सर्वच मान्य करतो. परंतु त्याची खरी कसोटी लागली ती मार्च २०२० मध्ये, महामारीमुळे देशातील शाळा बंद झाल्या तेव्हा. पाठ पडद्यावरून घरोघर जाऊ लागले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने वर्ग आणि पडदा यांच्या मिश्र पद्धतीचा पुरस्कारही केला.

या पद्धतीचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. बदलीच्या नोकरीत मुलांच्या शिक्षणाची होणारी ओढाताण आपणा परप्रांतस्थांस ठाऊक आहे. ती टाळण्यासाठीच १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. तथापि गुवाहाटीस वा भुवनेश्वरास मराठीचा शिक्षक कोठून मिळावा? अशा वेळी २०१७ पासून चालू असलेल्या ‘दीक्षा’वर महाराष्ट्राची मराठी पाठ्यपुस्तके घरबसल्या उघडता येतात, ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय चित्रित पाठ पुन्हा ऐकता येतो. लाजऱ्या मुलास हे मोठेच अभय आहे.

परंतु पत्र जावक-नोंदवहीत चढले म्हणजे ते पोहोचले असे होत नाही. पोच यावी लागते, हे कचेरीतील कोणीही कारकून सांगेल. वर्गात ती पोच शिक्षकाला मुलाच्या चेहऱ्यावर मिळते. भुवई आक्रसते, लेखणी थबकते, आणि शिक्षक तोच मुद्दा निराळ्या रीतीने सांगू लागतो. चित्रित पाठ मात्र कोणासाठी थांबत नाही. तेव्हा प्रश्न साधनाचा न राहता जबाबदारीचा होतो.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय आढळली होती. त्यानंतर फोन पुष्कळ वाढले, हे खरे. पण घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर मुलाने शिकावे कधी? याहून सूक्ष्म अन्याय पुढेच संभवतो : सधनाच्या मुलाला शिक्षक आणि पडदा दोन्ही, निर्धनाच्या मुलाला शिक्षकाच्या जागी पडदा. खर्चाच्या हिशेबात हिला काटकसर म्हणतील. नीतीच्या हिशेबात ती वंचनाच ठरेल.

यास्तव अशा प्रत्येक योजनेला एकच प्रश्न विचारावा : मुलाला समजले की नाही, हे पाहणारे माणूस नेमले आहे काय? आणि घरी मुलासमोर पडदा ठेवून कचेरीस निघणाऱ्या आपणा पालकांनीही, सायंकाळी परतल्यावर, हाच प्रश्न स्वतःस विचारावा.